शहरातल्या इंडिजिनस लोकांसाठीची घरं : भिंतीवर पिसं काढली की झालं का 'संस्कृतीला साजेसं'?

रेघोट्या

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी कॅनडात एका छोट्या आर्किटेक्ट ऑफिसात काम करते, शहराचं नाव नाही लिहीत. सध्या हातात ४२ फ्लॅटची एक बिल्डिंग आहे, सोशल हाउसिंग, म्हणजे उत्पन्नाच्या हिशोबाने भाडं, आणि ती शहरात राहणाऱ्या इंडिजिनस कुटुंबांसाठी आहे. (आदिवासी लिहिणार होते, पण आदिवासी म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर जंगलच येतं आणि ही माणसं सकाळी बस पकडून कामाला जाणारी, म्हणून इथे म्हणतात तेच लिहिते.) २०२१ च्या जनगणनेप्रमाणे कॅनडाच्या मोठ्या शहरांत असे ८ लाखांहून जास्त लोक राहतात, तरी 'ते सगळे रिझर्व्हवर (म्हणजे सरकारने त्यांच्यासाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर) असतात ना?' हे मला आमच्याच ऑफिसात दोघांनी विचारलं.

तर ब्रीफमध्ये, म्हणजे काय बांधायचं त्याच्या लेखी मागणीत, लिहिलंय की बिल्डिंग 'कल्चरली अप्रोप्रिएट' हवी. त्याचा आमच्या साहेबांनी काढलेला अर्थ असा : एंट्रन्सच्या भिंतीवर लेसरने कापलेली गरुडाची पिसं, बाल्कनीच्या रेलिंगला नक्षी, लॉबीत एक मोठं म्युरल. रेंडरिंग मीच केली, तीन रात्री जागून, आणि खरं सांगू तर मला आवडली पण होती.

मागच्या आठवड्यात भावी भाडेकरूंची मीटिंग झाली. एक आजी होत्या, सत्तरीच्या तरी असतील. त्यांनी पिसांकडे बघितलं सुद्धा नाही, दोन बेडरूमच्या फ्लॅटचा प्लॅन पुढे ओढला आणि चहाच्या ट्रेमधल्या साखरेच्या पुड्या उचलून एकेक करून त्यावर ठेवायला लागल्या. ही मी, हे दोन नातू, ही मुलगी, ती कामावर असते तेव्हा पोरं माझ्याकडे, ही माझी बहीण, डायलिसिसला शहरात येते तेव्हा माझ्याकडेच उतरते, हा तिचा नवरा. आणि सातवी पुडी हातात धरून म्हणाल्या, कोणी गेलं की येणारे कुठे बसणार? ती पुडी ठेवायला प्लॅनवर जागा नव्हती, म्हणून त्यांनी ती बाथरूमवर ठेवली, सगळे हसले, मी पण हसले, आणि घरी येताना बसमध्ये मात्र पार गप्प झाले.

प्रश्न असे की १) प्लॅनमध्ये नेमकं काय बदलायचं, ज्यांनी असं काम केलंय किंवा जवळून बघितलंय त्यांनी सांगा. २) धूप जाळायचा विधी असतो, स्मजिंग म्हणतात, सेज, सीडर, स्वीटग्रास वगैरे शिंपल्यात पेटवतात. फायर कन्सल्टंट म्हणतो फ्लॅटमध्ये अजिबात नाही. काही मार्ग आहे का? ३) साहेबांना कसं पटवायचं, हा सगळ्यात अवघड.

चावीवाली

रेघोट्या, स्वागत आहे आणि साखरेच्या पुड्यांचा फोटो काढला असलास तर फ्रेम करून ऑफिसात लाव.

मी ऑस्ट्रेलियात, भाडेकरूंच्या बाजूने काम करते, म्हणजे नोटीस आली की लोक आमच्याकडे येतात. मला विचारशील तर प्लॅनच्या आधी भाडेकरार माग. घर संस्कृतीला साजेसं आहे की नाही ते भिंतीत कमी आणि करारात जास्त असतं. 'पाहुणा चौदा दिवसांच्या वर राहिल्यास लेखी परवानगी' असं एक वाक्य असतं ना, ते एकटं वाक्य तुझी पिसं आणि म्युरल सगळं धुऊन काढतं.

इथल्या ॲबोरिजिनल, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांच्या, घरांत कोणी वारलं की 'सॉरी बिझनेस' (शोकाचा काळ) असतो, दूरदूरहून नातलग येतात, आठवडा, दोन आठवडे, कधी महिना. त्यांना नाही म्हणणं हा पर्यायच नसतो, नाही म्हणणारा माणूस नात्यातून उठतो. मग शेजारी तक्रार करतात, गाड्या फार लागल्या, अंगणात रात्री लोक बसलेत, आणि तक्रार झाली की फाइलवर खूण. तीन खुणा म्हणजे बाहेर. माझ्याकडे एक बाई आली होती, आईच्या अंत्यविधीच्या पाहुण्यांमुळे आलेली नोटीस पर्समध्ये घडी करून, तिच्याच शेजारी अंत्यविधीचं छापील पत्रक. दोन्ही कागदांवर एकाच आठवड्याच्या तारखा. कुठल्या घरमालक संस्थेचं ते सांगत नाही, पण इतकं सांगते की त्यांच्या ऑफिसच्या लॉबीत डॉट पेंटिंग (ॲबोरिजिनल लोकांची ठिपक्यांची चित्रकला) फार सुंदर होतं.

दुसरं, 'गर्दी' कशी मोजतात ते बघ. तुमच्याकडचं नॅशनल ऑक्युपन्सी स्टँडर्ड, तीच फूटपट्टी इथे ऑस्ट्रेलियात पण लावतात. एका खोलीत दोनपेक्षा जास्त नको, जोडपं नसलेल्या प्रौढाला स्वतंत्र खोली, पाच वर्षांवरचे मुलगा-मुलगी एका खोलीत नकोत. आता आजी, आठ वर्षांची नात आणि सहा वर्षांचा नातू धर : पट्टीप्रमाणे तीन खोल्या हव्यात, दोन असतील तर 'गर्दी'. पण ती पोरं आजीजवळच झोपतात, त्यांना वेगळी खोली दिली तरी रात्री उशी घेऊन तिकडेच येणार. आणि गंमत म्हणजे घर वाटप करताना तीच पोरं मोजतच नाहीत, कारण कागदोपत्री ताबा आईकडे. म्हणजे आजीला मिळणार एक बेडरूम, आणि मग तपासणीला आले की म्हणणार गर्दी करता! क्वीन्सलंडचे पॉल मेमट यांनी यावर बरंच काम केलंय, घरात किती माणसं आहेत यापेक्षा त्या घरच्यांना कोंडल्यासारखं होतंय का, नात्याचे नियम पाळता येतायत का, हे महत्त्वाचं असं त्यांचं म्हणणं. बऱ्याच ॲबोरिजिनल समाजांत सासू आणि जावई एकमेकांसमोर येत नाहीत. अशा घराला एकच दार, एकच पॅसेज दिला की एकाने आत बसून राहायचं नाहीतर बाहेर. दुसरं दार ही तिथे चैन नसते.

शंकासुर

मी जरा उलटं बोलतो, राग मानू नका. टॅक्स मी पण भरतो. आपण सगळे स्थलांतरित, आपली पण संस्कृती आहे, आपण मिळेल त्या फ्लॅटमध्ये जमवून घेतलंच ना? मग एका समाजाला वेगळी बिल्डिंग, वेगळे नियम, वेगळं दार. उद्या प्रत्येक जण मागेल. आणि एकाच समाजाची गरीब कुटुंबं एका बिल्डिंगीत कोंबली की दहा वर्षांत तिची बकाल वस्ती होते, हे सगळ्या जगात दिसलंय. मिसळून राहू द्या की.

दक्षिणवारा

शंकासुर, 'मिसळून राहू द्या' हे न्यूझीलंडने करून बघितलंय हो. १९५० ते ७० च्या काळात माओरी लोक (इथले मूळ रहिवासी) गावातून शहरात आले तेव्हा सरकारने ठरवून त्यांची घरं गोऱ्या वस्तीत एकेक करून पेरली, त्या धोरणाला नावच 'पेपर पॉटिंग', मिरपूड भुरभुरावी तशी. झालं काय, तर मावशी एका उपनगरात, मामा तिसऱ्या, पोरांना भाषा बोलायला घरात दोनच माणसं. गर्दी झाली नाही हे खरं, पण नातीही राहिली नाहीत.

रेघोट्या, मी ऑकलंडमध्ये आहे, बांधकाम क्षेत्रातच, पण डिझाइनर नाही, साइटवरचा माणूस. माओरी कुटुंबांच्या घरांत आम्ही जे बघतो ते सांगतो. तापू आणि नोआ, म्हणजे पाळायचं आणि साधं, यात फरक करतात. शरीराशी, मरणाशी आलेलं एकीकडे आणि अन्नाशी आलेलं दुसरीकडे. त्यामुळे टॉयलेटचं दार स्वयंपाकघरात किंवा जेवायच्या जागेत उघडलं की ते घर फुकट. वॉशिंग मशीन किचन ओट्याखाली बसवून जागा वाचवली असं तुला वाटेल, पण जेवणाची फडकी आणि अंगावरचे कपडे एका मशीनमध्ये जात नाहीत, म्हणून ती बाई फडकी सिंकमध्ये हाताने धुणार. छोटी गोष्ट, पण रोजची.

आणि तांगी. माणूस गेला की त्याला एकटं ठेवत नाहीत, दोनतीन दिवस शेजारी बसून राहतात, मराएवर (समाजाच्या सामायिक सभागृहात) नाहीतर घरातच बसायच्या खोलीत. तेव्हा शवपेटी दारातून आत येते का, वळणावर अडकते का, हे आम्ही प्लायवूडची फळी घेऊन साइटवर बघितलंय. सहा माणसं उचलून वळतात तेव्हा किती जागा लागते हे कुठल्याही कोडमध्ये नसतं.

बघण्यासारखं उदाहरण म्हणजे ऑकलंडच्या ओराकेइ भागातला काइंगा तुआताही हा घरांचा प्रकल्प, २०१६ मध्ये झाला, ३० घरं. ती जमीन न्गाती फातुआ ओराकेइ या माओरी लोकांची. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला खालच्या खाडीकाठचं त्यांचं गाव रिकामं करून जाळलं होतं. १९७७ मध्ये वरच्या जमिनीवर, बॅस्टियन पॉइंटला, त्यांनी ठाण मांडलं, ५०६ दिवस, मग पोलिसांनी उठवलं, आणि पुढे ती जमीन परत मिळाली. आता तिथे घरांमध्ये कुंपणं नाहीत, पोरं या घरातून त्या घरात, आणि भाजीपाल्याची बाग सगळ्यांची. गरीब घरं एकत्र असली की वस्ती बिघडते हे मला तिथे तरी दिसलं नाही, कारण घरं कोणाला द्यायची ते तेच ठरवतात.

जुना_टाईपरायटर

शंकासुरा, तुझा प्रश्न वाईट नाही, मी पण १९८८ साली विनिपेगला आलो तेव्हा हेच विचारायचो. फरक एवढाच की आपण आलो ते तिकीट काढून, आणि यांना हलवलं गेलं. रेसिडेन्शियल स्कूलमध्ये, म्हणजे घरापासून आणि भाषेपासून तोडणाऱ्या निवासी शाळांत, पोरं नेली, रिझर्व्हवर घरं अपुरी आणि मोडकी, म्हणून माणसं शहरात आली, तर शहरात घरमालक दारातूनच 'भाड्याने गेलं' म्हणायचे. त्यावर इथल्याच लोकांनी १९७० मध्ये किन्यू हाउसिंग नावाची संस्था काढली, जुनी घरं विकत घेऊन दुरुस्त करायची आणि आपल्या लोकांना परवडेल अशा भाड्याने द्यायची. म्हणजे वेगळं घर मागितलं नव्हतं, कोणी देत नव्हतं म्हणून स्वतः घेतलं. पुढे केंद्र सरकारने याच धर्तीवर योजना काढली, शहरोशहरी अशा संस्था झाल्या, आणि १९९३ मध्ये नवीन सोशल हाउसिंगचा पैसा बंद. जुन्या करारांची मुदत संपेल तशी सबसिडी संपायला लागली, तेव्हा काही संस्थांना एक घर विकून दुसऱ्याचं छप्पर करायची वेळ आली.

२०१७ ची राष्ट्रीय गृहनिर्माण योजना आली त्यात फर्स्ट नेशन्स, इन्यूइट, मेटी या कॅनडातल्या तीन इंडिजिनस गटांसाठी वेगवेगळे आराखडे होते, पण जो शहरात राहतो तो कुणाच्याच वहीत नाही. २०२३ च्या बजेटमध्ये शहरी, ग्रामीण आणि उत्तरेकडच्या इंडिजिनस घरांसाठी सात वर्षांत ४०० कोटी डॉलर असं ठरलं. आकडा मोठा वाटतो, पण एकट्या विनिपेगमध्ये एक लाखावर लोक आहेत, बघा भागाकार करून.

आणि रेघोट्या, जेसी थिसल या मेटी अभ्यासकाने २०१७ मध्ये इंडिजिनस बेघरपणाची व्याख्या लिहिली, बारा प्रकार सांगितलेत. त्यातला गाभा असा की डोक्यावर छप्पर नसणं म्हणजेच बेघर असं नाही, जमीन, नाती, भाषा, विधी यांच्यापासून तुटलेला माणूस चार भिंतींतही बेघर असतो. तुझ्या साहेबांना तीच दे वाचायला, फार मोठी नाही.

एक सावधगिरी. पिसं कोणाची? तुझ्या बिल्डिंगीत क्री, ओजिब्वे अशा वेगवेगळ्या फर्स्ट नेशन्सचे लोक येतील, मेटी येतील, एखादं इन्यूइट कुटुंब उत्तरेतून दवाखान्यासाठी येऊन राहिलेलं असेल. सगळ्यांना एकच पीस लावणं म्हणजे युरोपातल्या सगळ्यांना एकच टोपी घालण्यासारखं.

शंकासुर

१९७० चं माहीत नव्हतं, मान्य. पण मग व्हँकुव्हरचा तो इंडिजिनस लोकांचा सेनाक्व प्रकल्प काय, अकरा टॉवर, ६००० फ्लॅट, त्यात संस्कृती कुठे आहे? तिथे तर बहुतेक बाजारभावाने भाडं घेणार.

चावीवाली

ते सोशल हाउसिंग नाहीच मुळी, दोन्हीची गल्लत होतेय. साडेदहा एकर जागा, स्क्वामिश लोकांचं गाव होतं तिथे, १९१३ मध्ये त्यांना बार्जवर चढवून घरं जाळली. तुकडा परत मिळाला तो कोर्टातून, आणि रिझर्व्हची जमीन म्हणून शहराचे उंचीचे नियम तिथे लागत नाहीत. ते त्यातून उत्पन्न काढणार आणि काही फ्लॅट आपल्या लोकांसाठी ठेवणार. आता आदिम लोकांनी लाकडी घरातच राहावं, टॉवर बांधला तर संस्कृती बुडाली, असं म्हणणारे पण भेटतात, त्यांना काय बोलायचं.

पण तुझ्या शंकेत तथ्य आहे, भाडं कमावता कमावता मूळ माणूस मागे पडू शकतो. सिडनीच्या रेडफर्नला तेच भांडण झालं. ॲबोरिजिनल हाउसिंग कंपनी १९७३ ची, 'द ब्लॉक' म्हणून प्रसिद्ध जागा. जुनी घरं पाडली, नवीन प्रकल्पाला पैसा नव्हता, म्हणून आधी दुकानं आणि व्यावसायिक भाग बांधू असं निघालं. २०१४ मध्ये तिथल्याच बायकांच्या पुढाकाराने मोकळ्या जागेवर तंबू पडले, आधी घरं मग बाकीचं, वर्षाच्यावर तंबू हलले नाहीत. शेवटी सरकारला पैसे कबूल करावे लागले. आता ६२ परवडणारी घरं आहेत आणि शेजारी विद्यार्थ्यांचा उंच टॉवर, त्या भाड्यावर गाडा चालतो.

प्लंबरभाऊ

इतकी चर्चा झाली, पण धुराचं कोणीच बोललं नाही, म्हणून मी. कॅनडातच आहे, मेकॅनिकल सर्व्हिसेस.

रेघोट्या, तुमच्या कन्सल्टंटला विचारा नक्की कुठला अलार्म वाजतो याची भीती आहे. फ्लॅटच्या आतला अलार्म वेगळा, तो फक्त त्या फ्लॅटपुरता बोंबलतो आणि त्याला थोडा वेळ गप्प करायचं बटण असतं. खरी भानगड कॉरिडॉरच्या डिटेक्टरची, तो बिल्डिंगच्या पॅनलला जोडलेला, तिथे धूर गेला की सगळी बिल्डिंग खाली आणि फायर ब्रिगेड दारात. मग लोक काय करतात माहितीय का, आतल्या अलार्मला शॉवर कॅप घालतात आणि काढायची विसरतात. म्हणजे बंदी घालून तुम्ही आगीचा धोका वाढवला.

उपाय साधे आहेत. दाराखाली पट्टी, कॉरिडॉरमध्ये हवेचा दाब थोडा जास्त, म्हणजे धूर बाहेर यायच्या ऐवजी आतच राहतो, बसायच्या खोलीत थेट बाहेर फेकणारा पंखा, नुसता फिरवणारा नको, आणि आतल्या डिटेक्टरची जागा विचारपूर्वक. शिवाय खाली एक सामायिक खोली, तिचं एक्झॉस्ट पूर्ण वेगळं. व्हँकुव्हरला स्क्वाचाइज लॉज २०१२ मध्ये झालं, त्यात इंडिजिनस कलाकारांसाठी २४ छोटे फ्लॅट होते, आणि बिल्डिंगमध्येच स्मज रूम आणि स्वेट लॉज (वाफेने घाम काढायच्या विधीची जागा). म्हणजे शहरात होत नाही असं नाही. करारात 'धूम्रपान बंदी' लिहिताना विधीचा धूर वेगळा काढून लिहा, ऑन्टॅरिओच्या धूम्रपान कायद्यात पण विधीसाठीच्या तंबाखूला सवलत आहेच.

दुसरं म्हणजे गरम पाणी! दोन बेडरूम म्हणजे चार माणसं धरून टाकी लावता, आजींच्या पुड्या सात. पाचव्या माणसाला थंड पाणी. पाहुण्यांसाठी खोली नाही वाढवता आली तर निदान पाणी, दुसरं टॉयलेट आणि ड्रेनची पाइप मोठी द्या. ऑस्ट्रेलियात पॉल फोलेरोस आणि त्यांच्या गटाने दुर्गम भागातल्या हजारो घरांची तपासणी केली, तिथे सगळे म्हणायचे हे लोक घरं मोडतात, आणि निघालं काय तर बिघाडांपैकी राहणाऱ्यांच्या हातून झालेले दहा टक्क्यांच्या आसपास, बाकी सगळं देखभाल नाही म्हणून नाहीतर मुळातच काम निकृष्ट म्हणून. मी हे वाचल्यापासून 'भाडेकरू वाईट आहेत' म्हणणाऱ्याला आधी त्याचा नळ दाखव म्हणतो.

रेघोट्या

सगळ्यांचे खूप आभार, तीन आठवड्यांनी येतेय कारण साहेबांशी झटापट चालू होती.

काय झालं ते सांगते. पिसं गेली. ते पैसे (लेसर कटिंग भलतंच महाग निघालं) पंख्यांत आणि मोठ्या टाक्यांत गेले, प्लंबरभाऊ तुमचा प्रतिसाद मी तसाच्या तसा भाषांतर करून कन्सल्टंटला दिला, तो दोन दिवस बोलला नाही आणि मग म्हणाला कॉरिडॉरचा दाब जमेल. सहा ठिकाणी शेजारशेजारच्या फ्लॅटमध्ये मधलं दार देतोय, दोन्हीकडून कुलूप लागणारं, म्हणजे आजी एकीकडे आणि मुलगी दुसरीकडे, हवं तेव्हा एक घर. तळमजल्याची मोठी खोली आधी 'मल्टिपर्पज' होती, आता तिला किचन, दोन टॉयलेट आणि रुंद दोन पाखी दार, दक्षिणवारा, तुमची प्लायवूडची फळी मी आमच्या ऑफिसातल्या कॉरिडॉरमध्ये फिरवून बघितली, दोन ठिकाणी अडकली. आमच्या इकडे अंत्यविधीच्या रीती वेगळ्या आहेत म्हणून आजींना आधी विचारलं, त्या म्हणाल्या दार मोठंच ठेव, आमची माणसं पण मोठी आहेत.

अडलंय ते पाहुण्यांच्या कलमावर. बिल्डिंग चालवणारी संस्था तयार आहे, बोर्डावर बहुतेक इंडिजिनसच लोक आहेत, पण कर्ज देणाऱ्यांचा वकील म्हणतो चौदा दिवस हे स्टँडर्ड आहे. चावीवाली, तुमच्याकडे एखादा चांगला शब्दांकित नमुना आहे का?

चावीवाली

आहे. आमच्या इथे एका छोट्या संस्थेने असं ठेवलंय, साधारण मतितार्थ : अंत्यविधी, आजारपण किंवा दवाखान्याच्या कारणाने येणारे नातलग भाडेकरूने नुसतं कळवलं की तीस दिवस राहू शकतात, परवानगी मागायची नाही. त्यांचं उत्पन्न भाड्याच्या हिशोबात धरायचं नाही. त्या काळातल्या गाड्यांच्या आणि आवाजाच्या तक्रारी फाइलवर चढवायच्या आधी संस्थेच्या माणसाने घरी जाऊन बोलायचं. हे तिसरं वाक्य सोडू नकोस, पहिली दोन वकील मान्य करतात आणि तिसरं हळूच खोडतात.

आणि डायलिसिसवाल्या बहिणीचं वेगळं बघ, आठवड्यातून तीन वेळा येणारी बाई तीस दिवसांत बसत नाही. तिला पाहुणी न धरता घरातलीच धर, करारावर नाव घाल.

रेघोट्या

तिचं नाव कालच घातलं. आजींनी विचारलं, मग तिची पुडी आता कुठे ठेवायची, बाथरूमवर नको.

शंकासुर

प्लॅन टाक की इथे, मधल्या दाराचा. बघायचंय कुलूप दोन्हीकडून कसं बसवताय ते.